एकशे त्रेचाळीस वस्तू

(रविवारची सकाळ. बाबा आपल्या घरी, संगणकासमोर. लेक दुसऱ्या शहरात, आईच्या घरी. मध्ये फोन.)

लेक: ते सगळं ठीक आहे, पण फाईल पाठवलीस का?

बाबा: तू शिबिराचं सांगत होतीस ना. पोहण्याचं. किती दिवसांचं म्हणालीस?

लेक: दहा. सुट्टी सगळी त्यातच जाणार. म्हणून तर म्हटलं, या वेळी माझं येणं जमत नाहीये, तू नुसती आपल्या बेटाच्या खेळाची फाईल पाठव. बाबा, हा तिसरा रविवार आहे. पहिल्या रविवारी इंटरनेट बंद होतं. दुसऱ्या रविवारी तुझं डोकं दुखत होतं.

बाबा: खरंच दुखत होतं.

लेक: आज काय दुखतंय?

बाबा: आज काही नाही. आज सांगून टाकायचं ठरवलंय. बसली आहेस ना, ठमे?

लेक: ठमी नको म्हणूस, चौदाची झाले मी. काय झालंय?

बाबा: बेट मोडलं माझ्या हातून.

लेक: मोडलं म्हणजे? उघडत नाही?

बाबा: उघडतं. किनारा आहे, टेकडी आहे, धक्का आहे. पण आपण दोघांनी त्यावर जे जे ठेवलं होतं ना, ते सगळं राखाडी खोकी होऊन बसलंय. झाडाचं खोकं, शेळीचं खोकं. सगळी सारखी.

लेक: सगळी?

बाबा: एकशे त्रेचाळीस.

लेक: बाबा, असं कसं झालं? चार वर्षं ते तुझ्याकडे नुसतं पडून होतं. पडून राहिलेलं कसं मोडतं?

बाबा: मीच हात लावला. तू फाईल मागितलीस आणि माझ्या लक्षात आलं, तू सहा वर्षांची असताना लिहिलेला खेळ तो. आपल्या जुन्या संगणकाच्या डब्याशिवाय कुठे चालायचा नाही. तुझ्या लॅपटॉपवर चालायला हवा म्हणून सेव्ह करायचा भाग नव्याने लिहायला घेतला. आधी झाडांची यादी वेगळी होती, प्राण्यांची वेगळी, दिव्यांची वेगळी. मी म्हटलं, किती हा पसारा. सगळ्यांना एकाच यादीत घालू, सगळ्यांना ‘वस्तू’ म्हणू.

लेक: बरं. मग?

बाबा: प्रत्येक वस्तूला तीन गोष्टी असतात. नंबर, जागा आणि तोंड कुठे आहे ते. झाड ही वस्तूच, पण त्याला वर उंची असते. प्राण्याला नाव असतं, भूक असते. दिवा पेटलेला असतो नाहीतर विझलेला. मी सेव्ह करताना सांगितलं, वस्तू लिही. संगणकाने वस्तू लिहिली. नंबर, जागा, तोंड. बाकीचं सांगितलंच नव्हतं, ते सोडून दिलं.

लेक: पण कोण काय आहे हे तर आधी लिहायचं ना? हे झाड, हा दिवा. आम्हालासुद्धा शाळेत शिकवलंय, आधी प्रकार लिहा, मग माहिती.

बाबा: तुमच्या शाळेत मला पाठवायला हवं होतं.

लेक: हसू नकोस. आणि जुनी फाईल?

बाबा: काढून टाकली.

लेक: का?

बाबा: तपासून काढली गं. आधी किती वस्तू होत्या, एकशे त्रेचाळीस. नंतर किती, एकशे त्रेचाळीस. आकडा जुळला. म्हटलं चला, सगळं आलं. मग खेळ उघडला.

लेक: नुसता आकडा बघितलास? उघडून बघायच्या आधी जुनी काढलीस?

बाबा: हो.

लेक: आणि बॅकअप? ऑफिसात सगळ्यांच्या मागे लागतोस ना. दवाखान्यांचे प्रोग्राम आहेत, पेशंटची माहिती जाता कामा नये, बॅकअप घ्या, बॅकअप घ्या.

बाबा: घरचं कोण बॅकअप घेतं?

लेक: लोका सांगे ब्रह्मज्ञान.

बाबा: बोल, आज तुझा दिवस आहे. असं समज, घर बदलताना आपण खोकी भरतो, तेव्हा वरती लिहितो ना, कशात काय आहे ते...

लेक: घर बदलण्याचं मला नको सांगूस.

बाबा: नाही. बरोबर आहे. चुकलं माझं.

लेक: एक विचारू?

बाबा: विचार.

लेक: मुद्दाम केलंस?

बाबा: काय?

लेक: फाईल पाठवली की मी येणारच नाही कधी, असं वाटलं असेल तुला. मग म्हटलं असशील, मोडूनच टाकू.

बाबा: तीन रविवार टाळलं, ते मुद्दाम. तेच वाटलं होतं मला, जे तू म्हणालीस. मोडलं ते मुद्दाम नाही. मी असं कसं करीन? माझ्याकडे तरी दुसरं काय आहे तुझं?

लेक: माझी खोली आहे की.

बाबा: खोलीत तुझा जुना कंपास आहे आणि अंगात न येणारा फ्रॉक आहे. खोलीत तू हलत नाहीस. बेटावर कासव चालायचं, दिवे लागायचे.

लेक: मागच्या वेळी आले होते तेव्हा मला दाखवलंही नाहीस.

बाबा: तू आठही दिवस फोनमध्ये डोकं घालून बसली होतीस. मला वाटलं, लहानपणीचं खेळणं काढलं तर हसशील.

लेक: मला वाटलं, तू काढून टाकलंस. म्हणून विचारलं नाही.

बाबा: वा. दोघंही शहाणे.

लेक: आता काय करायचं?

बाबा: त्यासाठीच तुझी गरज आहे. जागा शाबूत आहेत. कुठल्या जागी काय होतं ते आठवलं, तर मी एकेका खोक्यासमोर त्याचा प्रकार परत लिहू शकतो. मी बसलो होतो रात्रभर... म्हणजे बसलो होतो. तीसेक ओळखली. पुढे गाडी अडली. तुला नंबर वाचून दाखवू? नंबर एक...

लेक: नंबर नको. नंबरांनी मला काही आठवणार नाही. मी चालते, तू बघ.

बाबा: चालतेस म्हणजे?

लेक: धक्क्यावर उतरले. उतरलं की डाव्या हाताला पाटी.

बाबा: डाव्या हाताला... आहे, खोकं आहे. पाटी. पाटीवर काय होतं?

लेक: ‘चपला इथे काढा.’

बाबा: हो की. आईचं वाक्य.

लेक: पाटीच्या मागे लिंबाचं झाड. माझा पहिला दात पडला त्या दिवशी लावलेलं. रोज बोटभर वाढायचं.

बाबा: आहे. झाड लिहिलं. उंची गेली त्याची. किती धरू?

लेक: आठ वर्षं धर. आठ वर्षांत जितकं होईल तितकं. कमी नको करूस.

बाबा: मग ते ढगात जातंय.

लेक: जाऊ दे. त्याच्या पुढे पायवाट वळते, तिथे भूमितीच्या बाई.

बाबा: कोण?

लेक: शेळी, बाबा. नेहमी तिरकी उभी राहायची म्हणून तूच नाव ठेवलंस.

बाबा: अरे देवा. आणि मी त्या खोक्यासमोर प्रश्नचिन्ह टाकलं होतं. तोंड बघ, अजूनही तिरकं आहे. पंचेचाळीस अंश.

लेक: मग टेकडीच्या पायथ्याशी घाई.

बाबा: कासव. ते मला माहीत होतं. त्याला मी कसा विसरेन, चार वर्षं खायला घातलंय.

लेक: खायला? कोणी?

बाबा: मी. तुझाच नियम ना तो. खरेखुरे दोन दिवस खायला नाही दिलं की प्राणी मरणार. मी म्हणत होतो, लहान पोरीच्या खेळात मरण कशाला. तू म्हणालीस, नाहीतर ते खोटं वाटेल.

लेक: मग तू दर दोन दिवसांनी?

बाबा: दात घासताना एका हाताने. गावाला गेलो तर शेजारच्या सरांना सांगून जायचो. ते काय म्हणत असतील देव जाणे. परवा सवयीने पाला द्यायला गेलो, तर समोर खोकं. खोक्याला भूक लागत नाही. वाईट वाटलं मला, ठमे. कासवासाठी वाटलं असं नाही.

लेक: कळलं.

बाबा: पुढे चल. कासव झालं.

लेक: टेकडी चढले. वर तीन दिवे, तिन्ही पेटलेले. उतरले. उतारावर आपला नापास झालेला पूल, ज्याच्यावरून शेळी पडायची. मग विहीर.

बाबा: दिवा, दिवा, दिवा. पूल. विहीर. तुला हे सगळं असं सरळ कसं आठवतंय? बसल्या बैठकीला?

लेक: बसल्या बैठकीला नाही. झोप येत नाही ना, तेव्हा मी चालते तिथे. धक्क्यावरून सुरू करते. आधी पूर्ण बेट व्हायचं, नंतर नंतर मागच्या आंब्यांच्या रांगेपर्यंतही जायचे नाही, त्याआधीच झोप लागायची.

बाबा: केव्हापासून?

लेक: इथे आले तेव्हापासून. नवीन खोली होती. पंखा आवाज करायचा.

बाबा: मला नाही सांगितलंस कधी.

लेक: काय सांगणार? मग गेल्या महिन्यात विहिरीपाशी आले आणि पुढचं दिसेना. विहिरीच्या मागे काहीतरी होतं, नक्की होतं. तीन-चार दिवस तिथेच अडकले. मग म्हटलं, आता सगळंच जाईल हळूहळू. म्हणून फाईल मागितली. शाळेत कोणाला दाखवायला नको होती. मलाच हवी होती.

बाबा: आणि मी ती अशी करून ठेवली.

लेक: विहिरीच्या मागे काय आहे?

बाबा: खोकं आहे एक. साठ नंबर. सगळ्या बेटाचा फोटो पाठवतो, बघ. मलाही आठवत नाही गं. मी ठेवलेलं नाही, हे खात्रीने सांगतो.

लेक: मीपण नाही.

बाबा: दोघांनीही नाही ठेवलं तर आलं कुठून? आकाशातून पडलं?

आई: अगं, जेवण गार होतंय. एरवी दहा मिनिटांत आटपतं तुमचं. आज काय एवढं?

लेक: आई, एक मिनिट. बेटावर विहिरीच्या मागे काय होतं, तुला माहितेय?

आई: मला काय विचारतेस? मी कुठे खेळत होते तुमच्यात.

लेक: बघ ना, हे खोकं. बाबाने फोटो पाठवलाय. विहिरीच्या मागे.

आई: हे होय. हा दिवा आहे.

बाबा: स्पीकरवर आहे का मी?

आई: आहेस. दिवा आहे तो. मी ठेवला होता.

बाबा: तू? कधी?

आई: हिला ताप होता त्या आठवड्यात. तुम्ही दोघं पांघरुणात बसून तेच. जेवायला हाका मारून मारून घसा बसला माझा. तू पाणी आणायला उठलास, ही पेंगली होती. स्क्रीन तशीच होती. म्हटलं, सगळीकडे दिवे लावलेत आणि विहिरीपाशी अंधार. मुलं पडायची एखाद्या वेळी. एक ठेवला.

बाबा: बोलली नाहीस कधी.

आई: तुम्ही विचारलंत कधी?

लेक: बाबा लिहितोय परत सगळं. दिवा पेटलेला होता की विझलेला?

आई: पेटलेला. विझवायचा कसा ते मला माहीतच नव्हतं. चल, ताट वाढतेय मी. पाच मिनिटं.

लेक: गेली आत.

बाबा: हं. साठ, दिवा, पेटलेला.

लेक: बाबा, रडतोयस?

बाबा: नाही. टंकलेखन करतोय. पुढे काय, विहिरीनंतर?

लेक: आता दिसतंय. दिव्यानंतर आंबे. दोन रांगा, प्रत्येकी नऊ. मग लाल झोपाळा. मग सशांची वसाहत, ते किती होते देव जाणे, जिथे जिथे गर्दी आहे ते ससे समज.

बाबा: बावीस आहेत. बावीस ससे. नावं?

लेक: नावं नव्हती. सगळ्यांना ‘अहो’ म्हणायचे मी.

बाबा: अहो. बावीस वेळा. झालं. मस्त चाललंय.

लेक: मग मागचा किनारा, तिथे नारळांची भलीमोठी बाग, होडी, आणि संपलं. पाचच मिनिटं लागतात खरं तर. किती झाले?

बाबा: एकशे अठरा.

लेक: मग पंचवीस राहिले. कुठे आहेत?

बाबा: ते असू दे. ते मला माहीत आहेत.

लेक: थांब, फोटोत बघू दे. ही रांग कसली आहे? धक्क्याच्या बाजूला, वाळूत. ही नव्हतीच.

बाबा: नव्हती.

लेक: सगळ्यांचं तोंड एकीकडेच आहे. धक्क्याकडे. होडी लागते तिकडे. नंबर काय आहेत त्यांचे?

बाबा: एकशे एकोणीस ते एकशे त्रेचाळीस.

लेक: म्हणजे सगळ्यात शेवटी ठेवलेले. मी गेल्यानंतर. तू ठेवलेस?

बाबा: हो.

लेक: काय आहेत?

बाबा: बाकं.

लेक: पंचवीस बाकं? एकाच जागी? बेटावर माणूस नाही एक, बसणार कोण?

बाबा: कोणी नाही. दुसरं काही मला सुचायचं नाही. सुचवणारी तू होतीस.

लेक: कधी ठेवायचास? रविवारी?

बाबा: रविवारी.

लेक: पण मग दोनशे झाले असते. चार वर्षं झाली.

बाबा: सगळ्या रविवारी नाही.

लेक: मग?

बाबा: राहू दे ना.

लेक: बाबा.

बाबा: ज्या रविवारी फोन झाला नाही, त्या. वाट बघायचो, बारा वाजायचे, मग एक बाक ठेवायचो आणि उठायचो. अगं, चार वर्षांत पंचवीस म्हणजे काहीच नाहीत. तुला परीक्षा असतात, मैत्रिणी असतात. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझ्या वडिलांशी वर्षाकाठी पंचवीस वाक्यं बोलायचो की नाही, शंका आहे.

लेक: मला वाटायचं, तू तेव्हा झोपला असशील. रविवार म्हणून.

बाबा: रविवारी मी पाचलाच उठतो. ते जाऊ दे. हे बघ, आता प्रत्येकासमोर त्याचा प्रकार लिहून झाला. सेव्ह करायचा भाग नीट केला, आधी प्रकार, मग त्याचं जे काय असेल ते. या वेळी आकड्यावर विश्वास ठेवणार नाही, बंद करून, परत उघडून, एकेकाच्या तोंडाकडे बघणार. आणि बॅकअप घेणार. तीन. संध्याकाळपर्यंत पाठवतो तुला, आता टाळत नाही.

लेक: नको पाठवूस.

बाबा: का? रागावलीस? बाकं काढून टाकतो हवी तर.

लेक: बाकं नको काढूस.

बाबा: मग? कॉपी पाठवीन गं, माझ्याकडची राहतेच माझ्याकडे.

लेक: तेच तर. मग दोन होतील. तुझं कासव वेगळं चालणार, माझं वेगळं. लिंबू तुझ्याकडे वेगळं वाढणार. दोन घरं आहेत तेवढी पुरे.

बाबा: मग तू बघणार कसं?

लेक: रविवारी. तू फोन स्क्रीनसमोर धर. मी सांगते तसं चाल. माझं शिबिर झालं की पुढच्या सुट्टीचं बघू, आत्ता कबूल नाही करत. कबूल केलं आणि नाही जमलं तर तू आणखी फर्निचर करशील.

बाबा: बरं. कबूल नको करूस.

लेक: आई हाक मारतेय. जाते. बाबा?

बाबा: हं?

लेक: त्या बाकांवर कोणीतरी बसव ना. एका तरी.

बाबा: शेळीला बसवू?

लेक: शेळी नको. माणूस.

बाबा: माणूस हा प्रकारच नाही आपल्याकडे, ठमे. एवढं सगळं बनवलं, तो कधी बनवलाच नाही.

लेक: माहितेय. तेव्हा लागला नाही. आपण होतो ना तिथे.